तिसऱ्या निरीक्षणाची वेळ

"विलास, चंद्राच्या आत येतोय तो!"

शेटे सर दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले. मी डोळ्याला भिंग लावून एका लेडीज घड्याळाच्या पोटात शिरलो होतो. समोर त्या घड्याळवाल्या बाई, त्यांच्या कडेवर किरकिरणारं पोर, आणि सर असे दारात. एरवी चपला काढल्याशिवाय दुकानात पाऊल न टाकणारा माणूस चपलांसकट आत आला.

"कोण येतोय, सर?"

"कोण म्हणजे? आपला धोंडा!"

बाईंनी पोराला घट्ट धरलं आणि "उद्या येते" म्हणून निघूनच गेल्या.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलातली गोष्ट. आमच्या बार्शीत तेव्हा आकाशदर्शन मंडळ होतं. मंडळ म्हणायचं आपलं. सभासद सहा, त्यातले नियमित येणारे दोन: मी आणि शेटे सर. सरांनी हायस्कूलात चौतीस वर्षं गणित शिकवलेलं. अर्ध्या गावानं त्यांचा मार खाल्ला होता, उरलेल्या अर्ध्याच्या बापांनी. वर्गात उदाहरण चुकलं की फळ्यावर खडू आपटून विचारायचे, "हातचा कुठं गेला रे, गाढवा?" तो त्यांचा हातचा सगळ्या गावात प्रसिद्ध होता.

मी त्यांचा विद्यार्थी. गणितात बेताचा, पण घड्याळं दुरुस्त करणारा. 'कोठावळे वॉच कंपनी' हे वडिलांचं दुकान, आणि पाटीवर खाली वडिलांनीच रंगवून घेतलेलं: 'येथे वेळ चुकत नाही.' दुकानावरच्या गच्चीत आमची दुर्बीण. तिचा आरसा आम्ही दोघांनी आठ महिने घासून तयार केला होता.

त्या महिन्यात पेपरात बातमी होती, की दीडेक किलोमीटरचा एक लघुग्रह मे महिन्यात पृथ्वीजवळून जाणार. त्याला अजून धड नावही नव्हतं, नुसता आकडा होता. ज्यांचा रस्ता पृथ्वीच्या रस्त्याच्या फार जवळून जातो त्यांना संभाव्य धोकादायक म्हणतात, त्या यादीत हा होता. पण घाबरायचं कारण नाही, चाळीस लाख किलोमीटरवरून जाईल, असं खाली बारीक टायपात दिलेलं.

सरांना घाबरायचं नव्हतंच. त्यांना ते चाळीस लाख स्वतः काढून बघायचे होते. अशी वस्तू तीन वेगवेगळ्या दिवशी आकाशात कुठं दिसली आणि नेमकी किती वाजता दिसली, एवढं कळलं की तिचा सूर्याभोवतीचा अख्खा रस्ता कागदावर काढता येतो म्हणे. आम्ही दुर्बिणीला कॅमेरा लावून तीन दिवस फोटो काढले, स्टुडिओतून मोठे करून आणले, आणि ताऱ्यांच्या गर्दीतला तो ठिपका सरांनी पट्टीनं मोजला. वेळेचं खातं माझ्याकडे. जगभर या कामाला ग्रिनिचची वेळ वापरतात, आपल्याहून साडेपाच तास मागची. म्हणून गच्चीच्या जिन्यात मी एक वेगळं घड्याळ टांगलं होतं, कायम ग्रिनिचवर लावलेलं. त्याच्यात बघायचं आणि वहीत लिहायचं.

"किती आत, सर?"

"दोन लाख दहा हजार. चंद्र पावणेचार लाखांच्या पुढं आहे, म्हणजे बघ!" सर स्टुलावर बसले. "चार वेळा केलं. चारही वेळा तेच उत्तर."

"पण पेपरात तर चाळीस लाख..."

"तेच तर म्हणतोय मी." ते कागद चाळायला लागले. "तिसरं निरीक्षण तू रात्री उशिरा घेतलंस वाटतं? पहिली दोन आपण साडेआठ-नऊच्या दरम्यान घेतली होती."

भिंगाखाली केसाएवढी स्प्रिंग होती आणि ती चिमट्यातून निसटायला बघत होती. "हं," मी म्हणालो. सर काय विचारतायत ते कानावर पडलं, पण आत गेलं नाही.

"बरं केलंस. मी तापानं पडलो नसतो तर जागलो असतो तुझ्याबरोबर." मग जरा थांबून म्हणाले, "आधी पुण्याला पत्र टाकावं म्हणतो. कुणा जाणकाराकडून तपासून घेऊ. घाई नको."

इथं मी तोंड मिटून बसलो असतो तरी सगळं निभावलं असतं. पण मला भलताच चेव आला. आमच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोवर जगाचं गणित चुकीचं ठरतंय, म्हणजे काय चेष्टा आहे?

"पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत तो येऊन जाईल, सर! शनिवारी व्याख्यानमालेत पुण्याचे ते डॉक्टर सबनीस येतायत की, खगोलाचे. त्यांच्या आधी दहा मिनिटं तुम्ही बोला. गावाला कळू दे आपल्याकडं काय माणूस आहे ते."

"नको रे. चुकलं तर?"

"तुमचं? आणि गणित?"

सर हसले, पण लगेच गंभीर झाले. "तुला म्हणून सांगतो. आमचे दादा, वडील माझे, असेच हुशार होते. कोर्टात शिरस्तेदार. पासष्टीला नावं विसरायला लागले, सत्तरीला स्वतःच्या घराचा पत्ता विचारत हिंडायचे. मला मरणाची भीती नाही, विलास. ही आहे. म्हणून रोज सकाळी एक अवघड गणित सोडवतो. ते सुटतंय तोवर डोकं शाबूत आहे, एवढंच माझं औषध."

"मग ह्याच्याहून अवघड काय असणार? हे सुटलं की!"

"सुटलं," सर म्हणाले, आणि पहिल्यांदा मोकळं हसले. शनिवारी बोलायला तयार झाले.

शनिवारी संध्याकाळी मांडव खचाखच भरला होता. बातमी आधीच फुटलेली. त्या घड्याळवाल्या बाईंनी तेवढं चोख काम केलं होतं. सर पांढराशुभ्र सदरा घालून उभे राहिले आणि फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि त्या धोंड्याची लांबट वाट काढून त्यांनी वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "टक्कर होईल असं मी म्हणत नाही. पण चंद्राच्या आतून जाईल, एकोणीस मेला. माझं चुकत असेल तर डॉक्टरांनी दाखवून द्यावं." टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत निरीक्षणांची वही मांडीवर घेऊन बसलो होतो. छाती फुगली होती माझी.

डॉक्टर सबनीस पस्तिशीचे, बोलायला गोड. त्यांनी सरांचे कागद पाच मिनिटं शांतपणे वाचले.

"सरांची पद्धत अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "हातानं हे करणारी माणसं आता राहिली नाहीत. पण तिसरा बिंदू जुळत नाही. जगभरच्या शंभरेक निरीक्षणांवरून ही वस्तू त्या वेळी जिथं असायला हवी, त्याच्या अर्धा अंश मागे तुमचा ठिपका पडलाय. वेळेची नोंद नक्की आहे ना?"

"वेळ आमच्या विलासकडे," सर म्हणाले. "गावात त्याच्याइतका काटेकोर माणूस नाही. विलास, उभा राहा. तिसरं निरीक्षण ग्रिनिचच्या वीस-चाळीसला, म्हणजे आपल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी. बरोबर?"

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, वीस-चाळीस.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी घोरत होतो. त्या दिवशी संध्याकाळी मेहुणा आलेला, बायको खालून जेवायला हाका मारत होती, आणि मी घाईघाईत फोटो काढला होता, आठ-चाळीसला. जिन्यातलं घड्याळ बंद होतं. त्याच्यातला सेल मीच आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या गजराच्या घड्याळात घालून दिला होता, नवा आणायचा कंटाळा केला होता. म्हणून मनगटावर बघितलं, चोवीस तासांच्या हिशोबानं वीस-चाळीस लिहिलं, म्हटलं खाली गेल्यावर साडेपाच तास वजा करून टाकू. खाली गेलो तर ताटं वाढलेली. ते वजा करायचं राहिलं ते राहिलंच.

सगळं एका क्षणात लख्ख आठवलं. मागून कोणीतरी हाळी दिली, "कोठावळ्यांची वेळ चुकत नाही हो डॉक्टर! पाटीच लावलीय!" मांडव हसला. त्यात माझी गिऱ्हाइकं होती, मेहुणा होता, व्याही होऊ घातलेली माणसं होती. सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता.

"हो, सर," मी म्हणालो. "दोन वाजून दहा मिनिटं. मी स्वतः बघितलंय."

आणि खाली बसलो.

"मग आकडेमोडीत कुठंतरी गफलत असणार," डॉक्टर सबनीस समजुतीनं म्हणाले. "पानंच्या पानं हातानं करायचं म्हणजे... वयोमानानं होतं असं. त्यात कमीपणा नाही." त्यांना खरंच टोमणा मारायचा नव्हता. पण तेवढ्यात मागच्या बाजूनं कुणीतरी, सरांचाच जुना विद्यार्थी असणार, सरांच्याच आवाजात ओरडला, "हातचा कुठं गेला, सर?"

अख्खा मांडव फुटला. बायका पदराआड हसल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली. सरसुद्धा हसले. हसत हसत त्यांनी कागद गोळा केले, पण ते एकावर एक नीट बसेनात. शेवटी तसेच छातीशी धरून खाली उतरले.

मनाशी म्हटलं, चारचौघांत नको, घरी जाऊन सांगू. आणि गेलोही, दुसऱ्याच दिवशी. वाटेत वाक्य पाठ करत गेलो: सर, माझ्याकडून घोटाळा झाला, गणित तुमचं बरोबर आहे. काकूंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "रात्रभर बसलेत आकडे मांडत. तुम्ही जरा समजवा."

सर कॉटवर बसले होते, आजूबाजूला कागदच कागद. मला बघून उठले, माझा हात धरला.

"ये. काल भरल्या सभेत तू एकटा माझ्या बाजूनं उभा राहिलास. बाकी सगळे हसले. विसरायचो नाही मी हे."

काकूंनी पन्हं आणलं. मी ते प्यालो. पेला खाली ठेवला, इकडचं तिकडचं बोललो आणि घरी आलो. आजही पन्हं माझ्या घशाखाली उतरत नाही. बायको म्हणते पित्त आहे. असू दे पित्त.

एकोणीस मे आला आणि गेला. धोंडा चाळीस लाख किलोमीटरवरून निमूट निघून गेला. वीस तारखेला सकाळी सर दुकानात आले. या वेळी चपला बाहेर काढल्या. काखेत एक गाठोडं होतं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं: लॉगची पुस्तकं, कॅल्क्युलेटर, ताऱ्यांचे नकाशे.

"हे आता तुझ्याकडे राहू दे."

"असं काय करताय, सर?"

"अकरा वेळा केलं, विलास. प्रत्येक पायरी तपासली. प्रत्येक पायरी बरोबर दिसते, आणि उत्तर चूक. म्हणजे चूक आहे, पण मला दिसत नाही." ते अगदी हळू बोलत होते. "दादांचं असंच सुरू झालं होतं. त्यांनाही सगळं बरोबरच वाटायचं."

माझं तोंड उघडलेलं होतं. देवाशपथ सांगतो, शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात एक जण आला, "पेन्सिल सेल आहे का?" मी वळलो, बरणीतून सेल काढला, पैसे घेतले, सुटे दिले. गिऱ्हाईक काही पळून जात नव्हतं, थांबलं असतं. मी वळून बघितलं तोवर सर रस्त्याच्या पलीकडे पोचले होते.

त्या दिवसापासून त्यांनी रोजचं गणित बंद केलं. मंडळही बंद पडलं. ग्रिनिचचं घड्याळ मी जिन्यातून उतरवलं, आपल्या वेळेवर लावलं आणि विकून टाकलं.

सरांच्या घरी भिंतीवर लंबकाचं जुनं घड्याळ होतं. त्याला आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागायची. ते काम मी अंगावर घेतलं. दुकान गुरुवारी बंद, तर दर गुरुवारी सकाळी जायचं, स्टुलावर चढायचं, चावी द्यायची, काटे नीट करायचे. काकू म्हणायच्या, "किती करता हो तुम्ही ह्यांच्यासाठी!" नऊ वर्षं एक गुरुवार चुकवला नाही मी. लोक म्हणायचे, शिष्य असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

आठव्या वर्षी सरांचं खरंच सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही तेही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घराण्यात आहे, ह्याला कारण शोधू नका. मी शोधत होतो. गणित सोडलं नसतं तर आणखी चार वर्षं टिकले असते का, ह्याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही, आणि विचारायची माझी हिंमतही नाही.

त्याच सुमारास माझ्या मुलीनं घरी कॉम्प्युटर घेतला. मी ती जुनी वही काढली, तिसरी वेळ साडेपाच तासांनी कमी केली आणि तिला आकडे घालायला लावले. उत्तर आलं त्रेचाळीस लाख. पट्टीनं मोजलेल्या फोटोवरून त्रेचाळीस! सरांचं सगळं बरोबर होतं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, पण डोळे काही थांबेनात.

पुढच्या गुरुवारी स्टुलावरून उतरलो, तर सर खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाले, "विलास, त्या धोंड्याच्या गणितात माझं कुठं चुकलं रे?"

"तुमचं नाही चुकलं, सर. वेळ चुकीची लिहिली होती. आपल्या वेळेतली ग्रिनिच म्हणून."

सरांनी बोटांवर मोजलं, पुटपुटले, आणि काय सांगू, त्या विझत चाललेल्या डोक्यानं अर्ध्या मिनिटात ते पकडलं. "साडेपाच तास... अर्धा अंश... अरे, म्हणजे बरोबर होतं माझं! अगं ऐकलंस का, माझं गणित बरोबर होतं!" काकू धावत आल्या. सर टाळ्या पिटत होते. मग माझ्याकडे वळले. "कुणी लिहिली होती वेळ?"

समोर माझे सर. उद्या ह्यातलं अक्षरही ज्यांना आठवणार नव्हतं. आणि दारात काकू उभ्या.

"होता मंडळातला एक जण," मी म्हणालो. "तुम्ही ओळखत नाही. नवीन होता."

"त्याला रागावलास का?"

"नाही."

"रागावू नकोस. घाबरला असेल बिचारा, एवढ्या लोकांत कसं बोलणार?" सर म्हणाले. "मी त्याला काही बोलणार नाही. एकदा घेऊन ये त्याला माझ्याकडे."

"आणतो, सर."

पुढच्या गुरुवारी ते विसरलेले होते. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच आनंद, पुन्हा "कुणी लिहिली होती?" प्रत्येक गुरुवारी मी घरून ठरवून निघायचो, आज 'मी' म्हणायचं. देव दर आठवड्याला मला कोरी पाटी देत होता. काकू स्वयंपाकघरात असतील अशी वेळही साधून बघितली. आणि दर वेळी माझ्या तोंडून तोच नवीन सभासद निघायचा. पुढं पुढं तर मी त्याला नाव-गावही देऊन टाकलं होतं.

शेवटच्या महिन्यात सरांचं बोलणं जवळजवळ थांबलं. काकूंनाही ओळखेनात. मी गेलो त्या गुरुवारी काकू आत दूध तापवत होत्या. मी दारात चपला काढल्या. सरांनी मान वर केली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ओळखीचं काही दिसेना त्या डोळ्यांत. मग चेहरा एकदम उजळला.

"आलास?" ते म्हणाले. "त्या वेळेचा तूच ना? विलासनं आणलं ना तुला?"

सगळं गेलं होतं, तेवढं राहिलं होतं. त्यांनी हात पुढं केला. खोलीत आम्ही दोघंच. 'हो सर, मीच' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तर माफ करूनच ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी घड्याळवाला. चावी द्यायला आलोय."

"अच्छा, अच्छा." सरांनी हात मागं घेतला. "तो आला की सांगा मला."

मी स्टुलावर चढलो, चावी दिली, काटे सारखे केले. खालून सर म्हणाले, "वेळ बघून लावा हं."

"हो," म्हणालो, आणि मनगटावरच्या घड्याळात बघून लावली.